पाच सेंटिमीटरची खूण

काका नैराश्यासाठी आमच्याकडे आले तेव्हा त्यांची टीएमएसची (डोक्यावर कॉइल धरून मेंदूला चुंबकीय ठोके देण्याचा उपचार) १२ सेशन्स दुसरीकडे झालेली होती. नैराश्य मोजणाऱ्या हॅमिल्टन चाचणीचे गुण (जितके कमी तितकं बरं) २४ वरून २२, म्हणजे फरक नाहीच. त्यांची सगळी उमर पॉवरलूमवर टॉवेल विणण्यात गेलेली. काकूंचा पहिलाच प्रश्न, "परत डोक्याला करंट देणार का?" कॉइल टेबलावर ठेवून दाखवली: यातून चुंबकीय ठोके निघतात, भूल नाही, आणि शॉक ट्रीटमेंट वेगळी. सोलापुरात हे रोज सांगावं लागतं. "आता शॉकच घ्या" म्हणून पेशंट पाठवणारे डॉक्टरच ही भीती पेरतात.

जुनी नोंद तपासली. थ्रेशोल्ड (अंगठा उडायला लागणारी किमान ताकद) ५८ टक्के, त्याच्या १२० टक्के म्हणून मशीन ७० वर. १० हर्ट्झ, ४ सेकंद ठोके, २६ सेकंद थांबा, एकूण ३०००. सगळं बरोबर होतं.

घोळ टोपीवर होता. डोक्यावर जिथे ठोका दिला की उजवा अंगठा उडतो, ती जागा धरून ५ सेंटिमीटर पुढे कॉइल ठेवायची खूण केलेली. डोकं केवढंही असो, अंतर तेच! २००१ सालच्या एका जर्मन पाहणीत या नियमाने २२ पैकी ७ जणांतच खूण योग्य भागावर पडली होती. काकांचा घेर ५९ सेंटिमीटर. मी टेप घेतली: नाकाच्या मुळापासून डोक्यामागच्या उंचवट्यापर्यंत, एका कानापासून टाळूवरून दुसऱ्या कानापर्यंत, आणि घेर. प्रत्येक माप दोनदा. त्यावरून एफ-३ (डोक्याच्या डाव्या बाजूला पुढची ठरलेली जागा) काढला तर जुनी खूण १.७ सेंटिमीटर मागे. वर केसांना चपचपीत तेल, म्हणजे टोपी रोज सरकत असणार. केस धुऊनच यायला सांगितलं.

पुढच्या जागेवर भुवई उडते, कपाळ दुखतं. म्हणून कॉइल थोडी फिरवली, ताकद कमी ठेवून चार दिवसांत ७० वर नेली. इअरप्लग काका घालेनात: "लूमपुढं हा आवाज काहीच नाही." आधीच थकलेले कान, त्यांना तर जास्तच जपायचे.

अमेरिकेत एफएमआरआयवरून (मेंदूचं काम दाखवणारा स्कॅन) प्रत्येकाची जागा शोधणाऱ्या पाच दिवसांच्या पद्धतीला २०२२ मध्ये मंजुरी मिळाली. काकांना तो खर्च झेपणारा नव्हता. टेपला तर पाच मिनिटं लागतात, तीही कोणी दिली नाहीत याचा मला राग आहे.

नव्या खुणेवर ३० सेशन्स झाली, गुण ११ वर आले. पण पुष्कळांना फरक तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातच दिसतो. खूण हलवल्याने की आधीच्या १२ मध्ये भर पडल्याने, हे एका केसवरून सांगता येत नाही. दोन्ही खुणांमधलं अंतर मी आधीच्या ठिकाणी लिहून कळवलं. उत्तर आलेलं नाही.