सोनेगावच्या विमानतळाशेजारी घर आणि उंचीची एनओसी : माझा अनुभव

विमानतळाजवळ प्लॉट आहे म्हटलं की लोक आधी विमानांच्या आवाजाचं विचारतात. आवाजाची सवय होऊन जाते. उंचीच्या एनओसीने मात्र माझा घाम काढला. नागपुरात सोनेगाव भागातलं आमचं जुनं बैठं घर पाडून स्टिल्टवर, म्हणजे खाली गाड्यांसाठी मोकळे खांब ठेवून, मजले चढवायचे ठरले, तेव्हा आर्किटेक्ट म्हणाले, नकाशा मंजुरीला टाकण्याआधी भारतीय विमानतळ प्राधिकरणाची ना-हरकत आणा. तिच्यापायी झालेला मनस्ताप दुसऱ्या कोणाच्या वाट्याला येऊ नये म्हणून लिहितोय. राग अजून पुरता गेलेला नाही, सांभाळून घ्या.

आधी हे कशासाठी लागतं ते सांगतो, कारण आमच्या घरात यावरूनच वाद झाला. "आपल्या जमिनीवर आपण किती उंच बांधायचं ते विमानवाले कोण ठरवणार?" हा वडिलांचा प्रश्न. तर इथली धावपट्टी ३२०० मीटरची. तिच्याभोवती साधारण चार किलोमीटरपर्यंत, विमानतळाच्या पातळीपासून ४५ मीटर उंचीवर, एक अदृश्य झाकण धरलेलं असतं. धावपट्टीच्या दोन्ही टोकांना ते खाली उतरतं, कारण विमान तिथूनच येतं-जातं. आणि कडेने, धावपट्टीला लागून, आणखी खाली येतं. २०१५ चे केंद्र सरकारचे नियम याचसाठी आहेत. प्राधिकरणाने शहराचा रंगीत चौकोनांचा नकाशा केलेला आहे. तुमचा प्लॉट ज्या चौकोनात, त्याची मर्यादा तिथे दिसते आणि त्या मर्यादेच्या आत बांधत असाल तर महापालिकेसारखं स्थानिक कार्यालय आपल्या पातळीवर घराचा नकाशा मंजूर करू शकतं. चौकोन लाल असेल तर मात्र एक मजला बांधा की पाच, अर्ज थेट प्राधिकरणाकडेच. आमचा लाल निघाला.

म्हणून पहिला सल्ला: आर्किटेक्टला पैसे देण्याआधी तो नकाशा उघडा आणि आपला रंग बघा.

ऑनलाइन नोंदणी, मालकीचे कागद, हमीपत्र यांत विशेष काही नाही. कोणीही करू शकतं, दलाल लावायची गरज नाही. घोडं अडलं ते एका साध्या प्रमाणपत्रावर: प्लॉटच्या कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश आणि जागेची समुद्रसपाटीपासूनची उंची. हे सर्व्हेअरकडून घ्यावं लागतं. आम्ही एक खासगी सर्व्हेअर गाठला, नाव घेत नाही. मुलगा चुणचुणीत होता. काठीवर पांढरी तबकडी बसवलेलं यंत्र त्याने चारही कोपऱ्यांवर उभं केलं, हातातल्या स्क्रीनवरचे आकडे उतरवून घेतले आणि दुसऱ्या दिवशी शिक्का मारलेला कागद हातात दिला. जागेची उंची: २४७ मीटर. अर्ज गेला.

आणि परत आला. जागेची उंची तपासा, एवढाच शेरा. प्राधिकरणाने परत पाठवला ते बरोबरच होतं, हे मला पुढे कळलं. तेव्हा मात्र तिथल्या माणसांना मनातल्या मनात खूप ऐकवलं.

सर्व्हेअरला फोन केला तर म्हणाला, "काका, काऊन टेन्शन घेता? उपग्रहाने दिलेला आकडा हाये, त्याच्यात चूक कशी होईन?" तेच प्रमाणपत्र त्याने नवी तारीख टाकून पुन्हा दिलं. तोच शेरा पुन्हा. मग फोन उचलणं बंद. उचललाच तर "साइटवर आहे". एकदा म्हणाला पुन्हा मोजतो, पण व्हिजिटचे पैसे वेगळे लागतील. चूक कोणाची याचा पत्ता नाही आणि पैसे मात्र आमचे!

उत्तर सापडलं ते भर शहरात. झिरो माईलपाशी, खांबाच्या बाजूला जो दगड आहे, त्यावर समुद्रसपाटीपासूनची उंची कोरलेली आहे: १०२०.१७१ फूट. मीटरमध्ये ही साधारण ३११ होते. आपल्या सोनेगाव विमानतळाची अधिकृत उंची ३१५ मीटर. मग झिरो माईल आणि विमानतळ दोन्ही तीनशेच्या वर असताना मध्येच आमचा प्लॉट साठेक मीटर खड्ड्यात कसा काय गेला? बाजूला अंबाझरी तलाव असता तर एक वेळ मानलं असतं.

कारण आर्किटेक्टकडच्या ट्रेनी मुलीने पाच मिनिटांत सांगितलं. उपग्रहावर चालणारं यंत्र उंची मोजतं ती पृथ्वीच्या एका गणिती, गुळगुळीत आकारापासून. समुद्रसपाटी वेगळी. आपल्याकडे या दोन्हींत पन्नास मीटरहून जास्त फरक पडतो आणि यंत्राचा आकडा कमी येतो. तो दुरुस्त करून द्यायचा, किंवा जवळच्या बेंचमार्कपासून, म्हणजे समुद्रसपाटीपासूनची उंची नक्की ठाऊक असलेल्या खुणेपासून, लेव्हल घेत प्लॉटपर्यंत यायचं, हे सर्व्हेअरचं काम. आमच्या माणसाने स्क्रीनवरचा आकडा जसाच्या तसा उतरवला होता.

आता यातली गंमत बघा. २४७ मीटर जमीन, त्यावर टाकी धरून २१ मीटरची इमारत, म्हणजे आम्ही परवानगी मागत होतो २६८ मीटरपर्यंतची. अर्ज नजरचुकीने मंजूर झाला असता तर आमची गच्ची कायद्याने खऱ्या जमिनीच्या चाळीस मीटर खाली असती. कारण एनओसीमध्ये उंची लिहितात ती समुद्रसपाटीपासूनची, घराच्या जोत्यापासूनची नव्हे. "किती मजल्यांची मिळाली?" हा प्रश्नच तिथे गैरलागू.

दुसरा सर्व्हेअर लावला, वयस्क, बोलायला तिरसट. तो बेंचमार्कवरून लेव्हल घेत आला आणि ३०८ मीटर लिहून दिलं. मग अर्ज सरळ गेला आणि ३२९ मीटरची ना-हरकत आली. पीडीएफ उघडल्यावर आधी तोच आकडा शोधला, नाव नंतर वाचलं. पहिल्याचे पैसे परत मागितले का? मागितले. तो अजून साइटवरच आहे.

तेव्हा प्रमाणपत्र हातात पडलं की सर्व्हेअरसमोरच विचारा: ही उंची समुद्रसपाटीपासूनची आहे ना, कुठल्या बेंचमार्कवरून आणली? नागपुरात असाल आणि आकडा अडीचशेच्या घरात दिसला तर कागद तिथेच परत करा. राहून गेलं: अक्षांश-रेखांश अंश-मिनिट-सेकंदात हवेत, मोबाइलवर दिसणारे दशांशातले चालत नाहीत.

उंची मागताना शेवटच्या स्लॅबवर थांबू नका. जिन्याची टोपी, पाण्याची टाकी, लिफ्टची खोली, अँटेना, वीज पडण्यापासून वाचवणारी सळई, हे सगळं मंजूर आकड्याच्या आत बसावं लागतं. ना-हरकतीतल्या अटीही नीट वाचा. विमानतळापासून आठ किलोमीटरच्या आत धूर करणारं इंधन नको, आणि वैमानिकाला धावपट्टीचे दिवे वाटावेत असे दिवे गच्चीवर लावायचे नाहीत. हे वाचून आमच्या धाकट्याने दिवाळीच्या माळांचं विचारलं, पण साध्या माळेला कोणी धावपट्टी समजेल असं मला वाटत नाही.

शेजारी म्हणतात, थांबायचं होतं, विमानतळ वाढतोय, भाव वाढतील. वाढतोय हे खरं. १९४९ पासून मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रासची टपाल विमानं रात्री इथे येऊन थैल्या बदलून परत जायची. २००८ च्या एप्रिलमध्ये टर्मिनलची नवी इमारत सुरू झाली, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये सुमारे सात हजार कोटींच्या विस्ताराचं भूमिपूजन झालं. पण भाव वाढले म्हणून डोक्यावरचं झाकण वर सरकत नाही, आणि ना-हरकतीलाही मुदत असते. मिळाल्यावर वेळ घालवू नका.

सोलरवाला सध्या रोज फोन करतोय. त्याला पहिला प्रश्न पॅनलच्या स्टँडच्या उंचीचा विचारा, सबसिडीचं नंतर. आमच्या टाकीवर आता जेमतेम हातभर जागा उरली आहे.