लंडनला लेकीकडे पार्सल पाठवताय? आधी तिचं बीपी विचारा

ब्रिटनमध्ये मिडवाइफ (प्रशिक्षित सुईण) गरोदर बाईचा रक्तदाब आणि लघवी प्रत्येक भेटीत तपासते. वरचा आकडा 140 किंवा खालचा 90 झाला, की तो उच्च रक्तदाब. औषध बहुधा लॅबेटॅलॉल. उद्दिष्ट 135/85 किंवा त्याखाली. आणि याच दिवसांत पुण्याहून, सांगलीहून पार्सल निघतं: लोणचं, पापड, सांडगे. डोहाळे आंबटाचे, आईची माया मिठातली!

आधी एक गैरसमज दूर करू. मीठ तोडलं की प्री-एक्लॅम्पसिया (गरोदरपणातला उच्च रक्तदाबाचा धोकादायक विकार) टळतो, असं नाही. इथल्या मार्गदर्शक सूचना केवळ तेवढ्यासाठी मीठ कमी करायला सांगत नाहीत. गरोदरपणाआधीपासून बीपी असलेल्या बाईला मात्र मीठ कमी करण्याचा सल्ला दिला जातो. म्हणजे अळणी जेवण कुणालाच नको. प्रौढांसाठी सांगितलेली दिवसाची 6 ग्रॅमची मर्यादा पाळायची. सपाट भरलेला एक छोटा चमचा मीठ तेवढंच भरतं.

हे 6 ग्रॅम भाजी-आमटीत संपत नाहीत, वरच्या खाण्यात संपतात. इथल्या पाकिटांवर 100 ग्रॅममागे मीठ किती ते छापलेलं असतं. दीड ग्रॅमच्या वर गेलं तर जास्त, 0.3 किंवा त्याखाली असेल तर कमी. लोणच्याच्या बरणीवर 10 ग्रॅम लिहिलंय समजा. 15 ग्रॅमची एक फोड घेतली, की दीड ग्रॅम मीठ पोटात. त्यात ब्रेडचे दोन स्लाइस, साधारण पाऊण ग्रॅम. वर सूपची वडी किंवा इन्स्टंट नूडल्स आल्या, की रात्रीच्या आमटीला काही उरत नाही. भारतातून आलेल्या पाकिटावर बहुधा सोडियम लिहितात, मीठ नाही. त्या आकड्याला अडीचने गुणायचं. 800 मिलिग्रॅम सोडियम म्हणजे 2 ग्रॅम मीठ. इथे फार जणी फसतात.

न दिसणारं सोडियम तर आणखी घात करतं. जळजळ होते म्हणून घेतलेल्या इनोच्या एका पुडीत 800 मिलिग्रॅमच्या वर सोडियम असतं. खाण्याचा सोडा घातलेला ढोकळा आणि पापडखार घातलेला पापड त्याच जातीचे. कोकमाचं आगळ मीठ घालूनच टिकवलेलं असतं. सोलकढीत ते वापरलं तर वरून मीठ घालूच नका. सैंधवही मीठच आहे, बीपीला त्याने सूट मिळत नाही. पोटॅशियमवालं ‘लो सॉल्ट’ मूत्रपिंडाचा त्रास असेल किंवा काही औषधं चालू असतील तर धोक्याचं ठरतं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

आणि जेष्ठमध अजिबात पाठवू नका. खोकल्यावर घरगुती म्हणून आपण तो बिनधास्त देतो, पण त्यातलं ग्लिसरायझिन शरीरात मीठ-पाणी धरून ठेवतं, पोटॅशियम उतरवतं आणि बीपी चढवतं. औषध म्हणून घेतलं जाणारं त्याचं मूळ गरोदरपणात टाळा, असं इथे सांगतातच.

स्वयंपाकात मीठ हाताने नाही, चमच्याने घालावं. डाळ बिनमिठाची शिजवून शेवटच्या उकळीला चौघांच्या आमटीत अर्धा छोटा चमचा पुरतो, पण चव दुसरीकडून आणावी लागते: चिंच, लिंबू, ओलं खोबरं, हिंग-कढीपत्त्याची कडक फोडणी. कणीक, भात बिनमिठाचेच. ताकात मिठाऐवजी भाजलेलं जिरं आणि किसलेलं आलं. डब्यातला राजमा-छोले चाळणीत ओतून नळाखाली खळखळून धुवा. दूध-दही रोज हवंच, कारण कॅल्शियम आणि आयोडीन दोन्ही तिथून येतात. इथलं साधं मीठ बहुतेक वेळा आयोडीनयुक्त नसतं. लोहाची गोळी मात्र दूध-चहाबरोबर घेऊ नये.

पार्सलमध्ये नाचणीचं पीठ, तीळ, घरचा गोडा मसाला, बिनमिठाची दाण्याची चटणी (खाताना लिंबू पिळायचं), सुकं खोबरं घाला.

जेवण सुधारलं म्हणून बीपीची गोळी स्वतःहून बंद करायची नाही. बाराव्या आठवड्यापासून अ‍ॅस्पिरिन लिहून दिलं असेल तर तेही चालू ठेवायचं. जोराची डोकेदुखी, डोळ्यांपुढे चमकणं, बरगड्यांखाली दुखणं, उलट्या, चेहरा-हात अचानक सुजणं, यातलं काहीही झालं तर सकाळची वाट न बघता, रात्री दोन वाजताही, प्रसूती विभागाला फोन करा. नंबर फ्रिजवर लावून ठेवा, म्हणजे घरातल्या कुणालाही सापडेल.