दाब… धर… सोड

आमच्या दारातली १९७२ची एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार म्हणजे घरातली सगळ्यात लाडावलेली आणि सगळ्यात कमी उपयोगाची वस्तू. दुर्मीळ वगैरे नाही हं. अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यातून १९६२ ते १९८० या काळात या जातीच्या पाच लाखांवर गाड्या बाहेर पडल्या. फारसे फेरफार न केलेल्या चाळिशीपुढच्या गाड्यांना इथे इंग्लंडात २०१८पासून वार्षिक तपासणी माफ आहे. पण गंजाला कुठे ठाऊक असते ही माफी? मार्चमध्ये ब्रेक दाबला की गाडी डावीकडे ओढ घ्यायला लागली. चाक काढून पाहिले, तर उजव्या कॅलिपरचा, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी चकती आवळून धरणाऱ्या ब्रेकच्या चिमट्याचा, पिस्टन जागच्या जागी चिकटलेला.

एक बदलायचा तर दोन्ही बदलावेत, म्हणून जोडी मागवली. मागच्या चाकांना ड्रम ब्रेकच आहेत, ते सुटले.

या गाडीचे सगळे नटबोल्ट इंचातले. नऊ-सोळांशाच्या नटाला चौदा मिलिमीटरचा पाना जात नाही आणि पंधराचा नुसताच घसरतो. बाबा पिंपरीच्या कारखान्यात होते. ते याला 'साडेचार सूत' म्हणायचे; आठ सूत म्हणजे एक इंच. त्यांचा तो काळपट पाना मी सामानाचे वजन वाढते म्हणून बायकोची बोलणी खात इकडे आणला होता. परवा तो नटावर 'टक्' करून बसला आणि मी मुद्दाम तिला हाक मारून दाखवला.

ब्रेक ऑइलला आपण ऑइल म्हणतो खरे, पण त्यात तेल नसते. खरे तेल घातले तर आतली रबरे फुगून बसतात. शिवाय हे ब्रेक ऑइल हवेतले पाणी पिते आणि थेंब सांडला तर रंग सोलून काढते. आमच्या मडगार्डवर आता रुपयाएवढा पुरावा आहे.

मग ब्रेकच्या नळ्यांत शिरलेली हवा काढायची. ती पेडलवर, मी चाकाशी कॅलिपरच्या निपलला, म्हणजे हवा सोडायच्या बोंडकाला, पारदर्शक नळी लावून बसलेलो. "दाब." "दाबलं." "धर." मी निपल सैल करायचे, नळीतून बुडबुडे जायचे, मी परत आवळायचे. "सोड." आवळायच्या आधी पाय उचलला की हवा परत आत. एरवी तासतासभर वाद घालणारे आम्ही, चाळीस मिनिटे या तीन शब्दांवर संसार केला. पेडल मात्र ओल्या स्पंजासारखेच.

"अरे, ते हवा काढायचं बोंडूक वर असतं की खाली?" पाय अवघडल्यामुळे उतरून आलेल्या तिने विचारले.

खाली होते. दोन्हीकडे. डावा कॅलिपर उजवीकडे, उजवा डावीकडे. दोन्ही खोकी एकदमच उघडून चहा प्यायला गेलो होतो ना मी! हवा वर चढते, वरच्या कोपऱ्यात जाऊन बसते. खालच्या भोकातून ती काय कपाळ बाहेर येणार?

पुन्हा सगळे उलगडले. पुन्हा दाब, धर, सोड. अंधार पडता पडता पेडल दगडासारखे घट्ट लागले.

रविवारी चक्कर मारायला निघालो. पहिल्याच वळणावर मी ब्रेक लावला, गाडी नाकासमोर उभी राहिली. शेजारी बसलेल्या तिचा उजवा पाय पायपुसण्यात रुतलेला.

"सोडू?" ती म्हणाली.