तुम्ही विचारलंत म्हणून: आधी पोट की आधी जात?

“गरिबी गेली की जात आपोआप जाईल, तिकडे अमेरिकेतला वर्णद्वेषही जाईल, नाही का?” उत्तर नागपुरातल्या आमच्या अभ्यासवर्गात हा प्रश्न कुणीतरी विचारतंच, बहुतेक वेळा चहा आल्यावर.

मी कापसापासून सुरुवात करते. नागपूरकराला दुसरं काय सुचणार! इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्या अमेरिकेतल्या गुलामांनी वेचलेल्या कापसावर चालत. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी झाली, माल अडला आणि वऱ्हाडच्या कापसाचे भाव कडाडले. १८६७ मध्ये रेल्वे नागपुरात आली, १८७७ मध्ये जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. बाजार एकच होता.

पण म्हणून सगळा दोष बाजारावर टाकता येत नाही. अमेरिकेतल्या व्हर्जिनियात १६७६ च्या बंडात गोरे वेठमजूर आणि काळे गुलाम एकत्र लढले. (ते बंड मूळ रहिवाशांच्याही जिवावर उठलं होतं, हे सांगायचं राहून जातं.) पुढे १७०५ चा कायदा आला. गुलामांची गुरं-डुकरं जप्त करून विकायची आणि तो पैसा तिथल्या गरिबांना वाटायचा, असं त्यात लिहिलंय. गरिबाला गरिबापासून तोडायला मळेवाल्यांना पदरचा छदामही खर्चावा लागला नाही.

आता मुंबईच्या गिरण्या बघा. धोट्यातला (मागाच्या शटलमधला) धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून विटाळाच्या नावाखाली जास्त मजुरीचं विणकाम खातं अस्पृश्यांना बंद. हे दार राखत होते सवर्ण कामगारच. मालकाला काय, कमी मजुरीच्या खात्यांसाठी माणसं आयती मिळत होती. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हाच मुद्दा लावून धरला, तेव्हा कामगार पुढाऱ्यांची पंचाईत झाली. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वे कामगारांसमोर त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे दोन शत्रू सांगितले. त्यातला पहिला डाव्यांना जड जातो, दुसरा आपल्याच माणसांना.

आता तुमचा प्रश्न. पगार चांगला असला तरी भाड्याचं घर बघायला गेल्यावर पहिली चौकशी आडनावाचीच होते. पोट भरलं, जात तशीच राहिली. आणि नुसत्या जातीच्याच गोष्टी करत बसलो तर गटारात उतरणारा माणूस कायम नोकरीतून ठेकेदाराकडे कधी गेला, हे कळतच नाही. माणसं त्याच वस्तीतली, काम तेच. पगार कमी झाला आणि सुट्टी गेली.

त्यामुळे युनियनच्या सभेत मी जातीवर बोलते आणि विहारातल्या सभेत ठेकेदारीवर. दोन्हीकडे लोक घड्याळाकडे बघतात.