पूल हीटरवर ‘नो फ्लो’: दोन बिघाड, एकमेकांना झाकणारे

पुण्यातल्या एका सोसायटीचा पूल, १० मीटर बाय ५ मीटर, सरासरी खोली १.२ मीटर, म्हणजे ६० हजार लिटर पाणी. १ एचपीचा पंप, २४ इंची सँड फिल्टर आणि हीटर म्हणून हवेतली उष्णता घेऊन पाणी तापवणारा २५ किलोवॅटचा हीट पंप. फेब्रुवारीत सकाळी हीटर सुरू व्हायचा, पाच-सात मिनिटं चालायचा आणि ‘नो फ्लो’ दाखवून बंद पडायचा. आधी येऊन गेलेल्या माणसाने फ्लो स्विच (पाणी वाहत नसेल तर हीटर बंद करणारा स्विच) बदला म्हणून सांगितलं होतं. मी स्विचला हात लावला तो सगळ्यात शेवटी.

पाण्याच्या वाटेवर हीटर जवळजवळ शेवटी असतो. स्किमर (पृष्ठभागावरचं पाणी ओढणारं तोंड) आणि मेन ड्रेन (तळाचं तोंड), पंपाची कचरा अडवणारी बास्केट, इम्पेलर (पाणी ढकलणारं फिरतं चाक), मल्टिपोर्ट (पाण्याची वाट बदलणारा फिल्टरवरचा व्हॉल्व्ह), फिल्टरमधली वाळू आणि मग हीटर. आधीच्या कुठल्याही टप्प्यावर पाणी अडलं तरी तक्रार हीटरच्याच डिस्प्लेवर उमटते. तेव्हा पहिलं काम हीटर उघडायचं नाही, फिल्टरवरचा प्रेशर गेज वाचायचं.

त्याआधी गेज खरं बोलतोय का तेही बघावं. दमट प्लांट रूममध्ये गेजचा काटा सर्रास अडकतो. पंप बंद केल्यावर काटा शून्याजवळ आला नाही तर गेज बदला, दोन-तीनशे रुपयांची वस्तू आहे. इथे काटा नीट खाली येत होता. वाळू स्वच्छ असताना या फिल्टरवर ०.८ किलो (दर चौरस सेंटीमीटरला) दाब असायचा, आता ०.५ दिसत होता. प्रवाह कमी आणि दाबही कमी, म्हणजे अडथळा पंपाच्या अलीकडे, सक्शनच्या म्हणजे पाणी ओढण्याच्या बाजूला. प्रवाह कमी आणि दाब जास्त असता तर तो पंपाच्या पलीकडे शोधला असता. एक अपवाद ध्यानात ठेवावा: थ्री फेज पंपाची केबल नुकतीच बदलली असेल आणि दोन फेज अदलाबदल झाले असतील तर पंप उलटा फिरतो. उलटा फिरूनही तो थोडंफार पाणी देतो, म्हणून कोणाला शंका येत नाही. मोटरच्या पंख्याची दिशा बाणाशी जुळवून बघायला अर्धा मिनिट लागतो. आमची बरोबर होती.

प्रवाह मोजायला मीटर नव्हता. पंप बंद करून मल्टिपोर्ट ‘वेस्ट’वर, म्हणजे पाणी थेट बाहेर सोडायच्या जागी घेतला, वेस्टच्या पाइपाखाली २०० लिटरचं पिंप लावलं आणि मोबाइलवर वेळ धरली. ‘वेस्ट’मध्ये पाणी वाळूतून जात नाही, त्यामुळे फक्त सक्शन आणि पंपाची ताकद कळते. ७२० ला सेकंदांनी भागलं की तासाला घनमीटर मिळतात. पिंप भरायला ११० सेकंद लागले, म्हणजे ६.५ घनमीटर. सहा तासांत सगळं पाणी एकदा फिरवायचं तर १० हवेत.

आता सक्शन. पाण्याची पातळी स्किमरच्या तोंडाच्या निम्म्यावर होती, भोवरा पडत नव्हता. स्किमरची बास्केट रिकामी होती. पंपाच्या पारदर्शक झाकणाखाली मात्र बारीक बुडबुड्यांची माळ सतत धावत होती. पंप चालू ठेवून आधी सक्शनच्या युनियनवर (पाइपाच्या सोडवता येणाऱ्या जोडावर) मगाने पाणी ओतलं, काही फरक नाही. झाकणाच्या कडेवर ओतलं तर बुडबुडे थांबले. झाकणाखालची रबरी ओ-रिंग दाबून चपटी झाली होती, एका जागी तिच्यावर वाळूचा कण बसून खाच पडली होती. एमसीबी पाडला, सक्शन आणि डिलिव्हरीचे व्हॉल्व्ह बंद केले (पंप पाण्याच्या पातळीच्या वर असेल तर व्हॉल्व्ह उघडे ठेवून झाकण काढताच पाइपातलं पाणी मागे उतरतं आणि पुन्हा प्राइम करत, म्हणजे पंपात पाणी भरत बसावं लागतं), ओ-रिंग बसते ती खोबण कापडाने पुसली, नवी ओ-रिंग सिलिकॉन ग्रीस लावून बसवली. पेट्रोलियम जेली किंवा गाडीचं ग्रीस लावू नका. रबर फुगतं आणि महिन्याभरात पुन्हा तीच हवा.

झाकण उघडलेलंच होतं म्हणून बास्केट काढून इम्पेलरच्या डोळ्यात, म्हणजे मधल्या भोकात बोट घातलं. पूलच्या कुंपणाला लागून गुलमोहर आहे. त्याच्या पानाची एकेक पर्णिका तांदळाच्या दाण्याहून जराशीच मोठी, बास्केटच्या भोकातून सहज निसटते आणि इम्पेलरच्या पाकळ्यांमध्ये जाऊन बसते. केसांबरोबर तिचा असा घट्ट लगदा झाला होता की तारेचा आकडा करून ओढावा लागला. मूठभर निघाला. या कामाला एमसीबी पाडणं पुरेसं नाही, पंप आपोआप सुरू करणारा टायमरही मॅन्युअल ऑफवर घ्या.

पुन्हा पिंप लावलं. ७० सेकंद, म्हणजे १०.३ घनमीटर. झालं काम असं वाटून मल्टिपोर्ट ‘फिल्टर’वर घेतला आणि काटा १.३ वर चढला.

खरी गोम इथे होती. वाळू कधीपासूनच तुंबलेली होती, पण सक्शन अडल्यामुळे पंपाकडून पाणीच कमी येत होतं, म्हणून गेज कधी वर गेला नाही. गेज वर गेला नाही म्हणून बॅकवॉशही (उलटं पाणी सोडून वाळू धुणं) झाला नाही. स्वच्छ वाळूच्या दाबाहून ०.४-०.५ किलो वर गेलं की बॅकवॉश, हा नियम पूल सांभाळणारे काका नीट पाळत होते. नियमाला निमित्तच मिळालं नाही.

दुपारी हवा गरम झाल्यावर हीटर चालवून बघितला. आता तो बंद पडत नव्हता. बायपास (हीटर टाळून पाणी नेणारी वाट) पूर्ण बंद करून आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या पाण्याचं तापमान एकाच थर्मामीटरने मोजलं, फरक ३.६ अंश. किलोवॅटला ०.८६ ने गुणून या फरकाने भागलं की हीटरमधून जाणारे घनमीटर मिळतात: २१.५ भागिले ३.६, म्हणजे जेमतेम ६. हे मोजमाप दुपारीच करावं, कारण २५ किलोवॅट हा आकडा उबदार हवेतला असतो. पहाटेच्या थंडीत हीट पंप बराच कमी देतो आणि हिशोब फसतो.

अडथळा वाळूत की हीटरच्या आत? पंप बंद करून मल्टिपोर्ट ‘रीसर्क्युलेट’वर घेतला. यात पाणी वाळू टाळतं पण हीटरमधून जातं. दाब १.३ वरून ०.६ वर आला आणि रिटर्नच्या, म्हणजे पूलमध्ये पाणी परत येतं त्या तोंडाशी पाणी जोरात उसळायला लागलं. हीटर निर्दोष, वाळू दोषी. दाब वरच राहिला असता तर हीटरच्या एक्स्चेंजरमध्ये (पाणी जिथे तापतं त्या नळ्यांत) क्षार धरला आहे असं समजून दोन्ही युनियन सोडवून, ४० लिटर पाण्यात २ किलो सायट्रिक ॲसिड घालून छोट्या पंपाने तासभर फिरवावं लागलं असतं. ॲसिड पाण्यात घालायचं, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही. टँकरचं किंवा बोअरचं पाणी असेल तर ही वेळ आज ना उद्या येतेच.

बॅकवॉश केला. मल्टिपोर्टवरच्या काचेतलं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत तीन मिनिटं, मग अर्धा मिनिट रिन्स. मल्टिपोर्टचा दांडा फिरवताना दर वेळी पंप बंद. चालू पंपावर फिरवला तर आतली स्पायडर गॅस्केट फाटते आणि ‘फिल्टर’ मोडमध्येही वेस्टच्या पाइपातून पाणी जात राहतं. दाब १.३ वरून १.१ वर, बस्स तेवढाच उतरला. मग फिल्टर उघडणं आलं.

वाळूत कोपरापर्यंत हात घातला तर लिंबाएवढे राखाडी गोळे लागले. बोटांत दाबले तर बाहेरून चिकट, आत वाळूचे कण पांढऱ्या चुन्यात घट्ट बसलेले.

“काका, तुरटी टाकता का?”

“हो साहेब, पाणी गढूळ दिसलं की रात्री टाकतो. सकाळी व्हॅक्यूम मारतो.”

“मल्टिपोर्ट कशावर ठेवून?”

“फिल्टरवरच.”

तुरटीने तळाला बसलेला साका ‘वेस्ट’वर ठेवूनच ओढायचा. ‘फिल्टर’वर ओढला की तो चिकट गाळ थेट वाळूत. वरून क्लोरिनसाठी ब्लीचिंग पावडर थेट टाकली जात होती, तिचा न विरघळणारा चुना त्यात मिसळत गेला. पावडर बादलीत कालवून, तासभर निवळू देऊन वरचं पाणीच ओतावं, हे तेव्हाच ठरवून टाकलं.

वाळू पूर्ण बदलली: ०.५ ते १ मिलिमीटरची, ५० किलोची तीन पोती. आधी टाकी निम्मी पाण्याने भरली, म्हणजे वाळू पडताना तळाच्या लॅटरलवर (पाणी गोळा करणाऱ्या चिरांच्या नळ्यांवर) थेट आदळत नाही. मधल्या पाइपाच्या तोंडाला प्लास्टिकची पिशवी टेपने बांधली. पाइपात वाळू गेली तर ती पुढे पूलमध्येच दिसते. पहिला बॅकवॉश पाच मिनिटं चालला, नव्या वाळूची धूळ बरीच असते.

दाब ०.८. दुपारी तापमानाचा फरक २.२ अंश, म्हणजे ९.८ घनमीटर.

शेवटी फ्लो स्विच. हीटरचा मेन बंद करून स्विचच्या वायर सोडवल्या, मल्टिमीटर कंटिन्युइटीवर लावला. पाणी वाहतंय तेव्हा बीप, पंप बंद केला की गप्प. बाण प्रवाहाच्या दिशेने, पॅडल सरळ. ठणठणीत. काही जण वैतागून या स्विचच्या दोन वायरी जोडूनच टाकतात. मग पाणी थांबलं की हीट पंप हाय प्रेशरवर ट्रिप होत राहतो आणि त्याच जागी इलेक्ट्रिक हीटर असेल तर एलिमेंट जळून आजूबाजूचा पीव्हीसी पाइपही वितळतो.

बायपास किंचित उघडून फरक २ अंशांच्या आसपास ठेवता येतो, पण इथे सगळं पाणी हीटरमधून जाऊनही फरक २.२ होता, त्यामुळे तो बंदच ठेवला. व्हॉल्व्हच्या दांड्याची जागा मार्करने आखली, गेजच्या काचेवर ०.८ आणि १.३ ला दोन रेघा ओढल्या. काकांच्या वहीत आता रोजच्या दाबाशेजारी तापमानाच्या फरकाचाही रकाना आहे, कारण सक्शन पुन्हा तुंबलं तर गेज गप्प राहील, फरक मात्र वाढलेला दिसेल.