बटणाचा रंग बदलून झाला, विक्री जागची हलेना

तीन महिने मी माझ्या ऑनलाइन दुकानाचं मुखपृष्ठ घासूनपुसून लख्ख करत होते. मी बॅगा विकते. लॅपटॉपच्या, प्रवासाच्या, खांद्याला अडकवायच्या. नवे फोटो काढले, नवा फॉन्ट घेतला, वरच्या बाजूला आपोआप सरकणारी पाच चित्रांची पट्टी लावली. ज्याला दाखवलं तो म्हणाला, "मस्त झालंय!" विक्री मात्र होती तिथेच. मग बटणाचा रंग बदलला. हिरव्याचा नारिंगी केला, नारिंगीचा परत हिरवा. काही नाही.

माझा भाऊ हिशेबातला माणूस. त्याने एवढंच विचारलं, "लोक नेमके कुठून परत जातात?" मला उत्तर देता येईना. अ‍ॅनालिटिक्स म्हणजे पानांवरच्या भेटींची नोंद ठेवणारं साधन कित्येक वर्षं लावलेलं होतं, पण त्यात मी बघायचे काय, तर आज किती जण आले. त्या रात्री पहिल्यांदा कागदावर एकाखाली एक पायऱ्या लिहिल्या: बॅगेचं पान उघडणारे, कार्टमध्ये टाकणारे, पत्त्याच्या पानावर पोचणारे, पैसे भरणारे. प्रत्येकापुढे आकडा. दोन गोष्टी लगेच दिसल्या. एक, बहुतेक लोक सर्चमधून थेट बॅगेच्या पानावर उतरत होते. ज्या मुखपृष्ठासाठी मी तीन महिने रक्त आटवलं, ते अर्ध्याहून जास्त जणांनी पाहिलंच नव्हतं. दोन, पत्त्याच्या पानावर माणसं अक्षरशः गळत होती.

सरकत्या पट्टीवरचे क्लिकही मोजले. लाज वाटावी इतके कमी. नंतर वाचलं की अमेरिकेतल्या नोत्र दाम विद्यापीठाच्या संकेतस्थळावर एरिक रनियन यांनी 2013 मध्ये हेच मोजलं होतं. तिथे अशा पट्टीवर जेमतेम 1 टक्का लोक क्लिक करत होते, आणि तेही बहुतेक पहिल्याच चित्रावर. पट्टी काढून टाकली. कुणीही विचारलं नाही ती कुठे गेली.

आता प्रश्न पत्त्याच्या पानाचा. मला त्यात काहीच चूक दिसत नव्हती. दिसणार कशी? ते पान मी झोपेतही भरलं असतं. म्हणून ठरवलं की ज्यांनी दुकान कधी पाहिलेलं नाही अशा माणसांना शेजारी बसवून बघायचं. संकेतस्थळं वापरायला किती सोपी आहेत याचा अभ्यास करणारे जेकब निल्सन यांनी 2000 साली लिहून ठेवलंय की चाचणीला 5 माणसं बसवली तरी वापरातल्या अडचणींपैकी सुमारे 85 टक्के सापडतात. त्या टक्केवारीवर बरेच वाद आहेत, पण 5 माणसं जमवणं मला जमण्यासारखं होतं. मावशी, बाबा, शेजारची कॉलेजात जाणारी मुलगी, एक मैत्रीण आणि तिचा नवरा.

पहिली मावशी. मी सांगितलं, "मावशी, ही बॅग कार्टमध्ये टाक आणि ऑर्डर कर." इथेच फसले. तिने "कार्ट" हा शब्द वाचून बटण शोधलं, शब्द मीच पुरवला होता. पुढे ती अडखळली की मी लगेच, "अगं खाली बघ ना... तिथे नाही, त्याच्या खाली." दहा मिनिटांत ऑर्डर पूर्ण झाली आणि मी काहीही शिकले नाही. उठताना मावशी म्हणाली, "तू शेजारी होतीस म्हणून झालं बाई."

दुसऱ्यांदा काम वेगळ्या शब्दांत सांगितलं: "तुझा लॅपटॉप 15 इंची आहे, त्याला बॅग हवी आहे, घे." आणि हात मांडीखाली दाबून गप्प बसले. समोरचा माणूस चुकीच्या जागी पुन्हा पुन्हा बोट दाबतोय आणि आपण काही बोलायचं नाही, यासारखी शिक्षा नाही. फार झालं तर एवढंच विचारायचं, "आत्ता काय शोधतोयस?"

त्या पाच बैठकांत जे दिसलं ते वहीत लिहीत गेले. शेजारच्या मुलीने पत्ता भरायला रकान्यावर बोट ठेवलं आणि अख्खं पान भसकन मोठं झालं, "पुढे" हे बटण पडद्याबाहेर. आयफोनवरच्या सफारीत रकान्यातली अक्षरं 16 पिक्सेलपेक्षा लहान असली की पान आपोआप मोठं होतं, आणि माझी अक्षरं होती 14 ची. मी सगळं अँड्रॉइडवर तपासलेलं, मला कळणार कुठून? मैत्रिणीच्या नवऱ्याने मोबाइल नंबर मधे जागा सोडून लिहिला, तर लाल अक्षरांत "अवैध इनपुट". कुठला इनपुट, का अवैध, काही पत्ता नाही. त्याने मागे जाऊन पाहिलं तर भरलेलं सगळं पुसलं गेलेलं. त्याने फोन टेबलावर ठेवला आणि चहा मागितला. खरा ग्राहक असता तर तोही गेलाच असता, चहा न मागता.

मैत्रिणीचं वेगळंच. ती बिलापर्यंत आली, "कूपन कोड" असा मोठा रकाना दिसला, आणि म्हणाली, "म्हणजे कूपन असतं तर! थांब, बघते." ती दुसऱ्या टॅबमध्ये कूपन शोधायला गेली ती परत आलीच नाही. त्या महिन्यात माझं एकही कूपन चालू नव्हतं.

आणि सगळ्यांना सारखी ठेच लागली ती दोन ठिकाणी. आधी खातं उघडा, पासवर्ड ठरवा, ओटीपी टाका, मगच पत्ता. आणि पोचवण्याचा खर्च थेट शेवटच्या पायरीवर. पाचपैकी तिघांच्या तोंडून तिथे "अरेच्चा!" निघालं. बेमार्ड इन्स्टिट्यूट ही संस्था ऑनलाइन खरेदीचा अभ्यास करते. त्यांच्या संकलनानुसार भरलेल्या कार्टपैकी सरासरी सुमारे 70 टक्के अर्धवट सोडल्या जातात. हा आकडा मी आधी ऐकलेला होता आणि त्याचा उपयोग स्वतःची समजूत घालायला केला होता: सगळ्यांचंच असं असतं. पण त्याच संस्थेच्या पाहण्यांमध्ये सोडून जाण्याच्या कारणांत शेवटी वाढणारा खर्च सगळ्यात वर असतो आणि खातं उघडण्याची सक्तीही वरच्याच कारणांत येते, हे मी सोयीस्करपणे वाचलं नव्हतं.

दुरुस्त्या तशा कंटाळवाण्या होत्या, कुणाला दाखवून "मस्त" म्हणवून घेण्यासारख्या नव्हत्या. खात्याची सक्ती काढली. ऑर्डर झाल्यावर तळाशी एक ओळ टाकली, पासवर्ड ठेवलात तर पुढच्या वेळी पत्ता भरावा लागणार नाही. आश्चर्य म्हणजे आता खाती जास्त उघडली जातात. याच विषयातले दुसरे अभ्यासक जेरेड स्पूल यांनी 2009 मध्ये एका मोठ्या दुकानाची हकिकत लिहिली होती. तिथे "नोंदणी करा" हे बटण काढून "पुढे चला" केलं आणि खरेदी पूर्ण करणारे 45 टक्क्यांनी वाढले. माझ्याकडे एवढा चमत्कार झाला नाही, पण गळती कमी झाली ती पहिल्याच आठवड्यात डोळ्यांना दिसली.

पोचवण्याचा खर्च बॅगेच्या पानावर, किमतीच्या लगेच खाली आणला. मला भीती होती की खर्च आधीच दिसला तर लोक कार्टपर्यंतही येणार नाहीत. खरंच, कार्टमध्ये टाकणारे थोडे घटले. पण जे आले ते शेवटपर्यंत टिकले. कूपनचा रकाना मिटवून त्याजागी "कोड आहे का?" अशी बारीक दुव्याची ओळ ठेवली. अक्षरं 16 ची केली. नंबरच्या रकान्याला आकड्यांचा कीबोर्ड उघडेल असं केलं, मधल्या जागा आणि डॅश आम्हीच काढून टाकतो, ते काम ग्राहकाचं नाही. ब्राउझरने साठवलेला पत्ता आपोआप भरला जावा यासाठी प्रत्येक रकान्याला त्याचं ठरलेलं ऑटोकम्प्लीट नाव दिलं. ही सोय किती वर्षं उपलब्ध होती आणि मी वापरली नव्हती! चूक झालीच तर तिचं वाक्य त्याच रकान्याखाली, साध्या भाषेत, आणि बाकीचं भरलेलं जसंच्या तसं.

बाबांची बैठक सगळ्यात छोटी झाली. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला, फोन लांब धरला आणि म्हणाले, "यात काही लिहिलंय का?" बॅगेची मापं मी फिकट करड्या रंगात लिहिली होती, फार नाजूक दिसायची. मोजलं तर पांढऱ्यावर त्या करड्याचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षर आणि पार्श्वभूमीच्या उजळपणातला फरक, होता 2.3 ला 1. संकेतस्थळ कमी दिसणाऱ्यांनाही वापरता यावं यासाठी जे जागतिक निकष आहेत, डब्ल्यूसीएजी, त्यांत साध्या मजकुराला किमान 4.5 ला 1 लागतो. रंग गडद करायला दोन मिनिटं लागली. माझ्या डिझायनरने नाक मुरडलं. मी म्हटलं, "बाबांना दाखव आणि मग बोल."

वेगाचं काम मात्र मी एकटीने केलं नाही, त्याला माहीतगार माणूस लावला. आधीच्या कुणी बसवलेल्या चार स्क्रिप्ट, म्हणजे पानासोबत चालणारे छोटे प्रोग्राम, निघाल्या: चॅटची खिडकी, जी कुणी उघडत नव्हतं, लोकांच्या हालचाली टिपणारे दोन ट्रॅकर, ज्यांचे पासवर्डही आमच्याकडे नव्हते, आणि एक चौथी, जिचा उपयोग आजवर कळला नाही. फोटो कॅमेऱ्यातून आले तसे चढवलेले होते, एकेक 4 एमबीचा. ते वेबपी या कमी जागा घेणाऱ्या प्रकारात बदलले, फोनसाठी लहान आकार वेगळे केले. पान किती चांगलं चालतं हे मोजणाऱ्या गूगलच्या कोअर वेब व्हायटल्स या निकषांमध्ये पानावरचा मुख्य भाग 2.5 सेकंदांच्या आत दिसला तर चांगलं धरतात. आम्हाला त्याच्या दुपटीहूनही जास्त वेळ लागत होता. पण मला जास्त पटलं ते दुसरं मोजमाप, उघडताना पान किती हलतं याचं. मर्यादा 0.1, म्हणजे अगदी थोडं. मावशीने "कार्टमध्ये टाका" वर बोट नेलं त्याच क्षणी वरून सवलतीची पट्टी उतरली होती, सगळं खाली सरकलं, आणि बोट पडलं "आवडीत ठेवा" वर. तेव्हा मी मनात म्हटलं होतं, मावशीला फोन वापरता येत नाही. फोटोंना रुंदी-उंची आधी लिहून ठेवली, पट्टीसाठी जागा राखून ठेवली, आणि मावशीला फोन वापरता यायला लागला.

बॅगेच्या पानावर काय लिहायचं हे मला परत आलेल्या बॅगांनी शिकवलं. परतीच्या कारणांत एकच तक्रार वेगवेगळ्या शब्दांत: "वाटली त्यापेक्षा लहान आहे." मापं तर लिहिलेली होती. पण 42 सेंटिमीटर म्हणजे केवढं, हे कुणाच्या डोळ्यांपुढे येतं? आता प्रत्येक बॅगेचा एक फोटो असा असतो की बॅग माणसाच्या खांद्यावर आहे, आणि एक असा की तीत 15 इंची लॅपटॉप, चार्जर आणि पाण्याची बाटली घातलेली आहे. त्या फोटोंना स्टुडिओ लागला नाही, खिडकीचा उजेड पुरला. परती कमी झाल्या. ग्राहक इमेलवर जे विचारायचे तेही त्यांच्याच शब्दांत पानावर आणलं. "पावसात चालेल का?" याचं आधीचं उत्तर होतं "जलरोधक गुणधर्मयुक्त कापड". आताचं आहे: "सरीत भिजली तर आतलं कोरडं राहतं, बादलीत बुडवू नका."

आता दोन मूर्खपणे, माझेच.

पहिला बटणाच्या रंगाचा. ए-बी चाचणी लावली, अर्ध्यांना हिरवं, अर्ध्यांना नारिंगी. चौथ्या दिवशी नारिंगी पुढे, मी खूश. भावाने कागद ओढला. शंभरात 2 जण विकत घेतात असं धरू, आणि ते 2 चे 2.4 झाले हे खात्रीने म्हणायचं असेल तर प्रत्येक रंगाला साधारण 19,600 जण दिसायला हवेत. दोन्ही मिळून चाळीस हजारांच्या आसपास. मी चार दिवसांत जे बघून नाचत होते तो निव्वळ योगायोग असू शकत होता, आणि रोज डोकावून हवा तो निकाल दिसला की थांबणं म्हणजे नाणं हवं तसं पडेपर्यंत उडवत राहणं. माझ्या गर्दीला त्या चाचणीला महिनोन् महिने लागले असते. तेव्हापासून लहान बदलांच्या चाचण्या बंद. ज्या दुकानात दिवसाला हजारो येतात त्यांनी जरूर कराव्यात.

दुसरा मूर्खपणा सांगायला जड जातो. एका सल्लागाराच्या सांगण्यावरून मी "सवलत संपायला उरलेला वेळ" असं उलटं चालणारं घड्याळ लावलं. सवलत संपणार नव्हती. पान नव्याने उघडलं की घड्याळ पुन्हा पहिल्यापासून. विक्री वाढली, खोटं कशाला सांगू. आठवड्याभराने एका बाईंचं पत्र आलं: "काल पंधरा मिनिटं उरली होती, आजही पंधराच आहेत. बॅगेचं कापडही असंच आहे का?" अशा फसव्या मांडणीला डिझायनर हॅरी ब्रिग्नल यांनी 2010 मध्ये "डार्क पॅटर्न" हे नाव दिलं, हे मला नंतर कळलं. नाव माहीत नसतानाही ते काय आहे हे मला लावतानाच ठाऊक होतं. घड्याळ त्याच दिवशी काढलं, बाईंना माफीचं उत्तर पाठवलं. त्यांचं पुढे काही आलं नाही.

सध्या महिन्यातून एक शनिवार नव्या माणसाला बसवते. शोधाच्या रकान्यात टाकलेले आणि काहीच न सापडलेले शब्दही त्याच दिवशी बघते. मी ज्याला "बॅकपॅक" म्हणत होते त्याला शोधणारे "सॅक" म्हणत होते, आणि माझं दुकान त्यांना सांगत होतं की असं काही आमच्याकडे नाही. तो शब्द जोडायला एक ओळ लागली.

गेल्या शनिवारी आलेल्या मुलाने सगळं न अडखळता केलं. पैसे भरले, "धन्यवाद" असं मोठ्या अक्षरांत पान उघडलं, छान चित्रासकट. तो पानाकडे बघत बसला. मी गप्प. बऱ्याच वेळाने त्याने माझ्याकडे वळून विचारलं, "झालं का?" ऑर्डरचा क्रमांक आणि बॅग कधी पोचणार ती तारीख, दोन्ही मी त्या चित्राच्या खाली ठेवली होती.