दहाव्या जागेचं भांडण

आवडत्या गाण्यांची यादी करायला बसलं की माणूस पहिल्या नंबरावर अडतो, असा एक समज आहे. माझा पहिला नंबर कित्येक वर्षांपूर्वी ठरलाय. झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. खरी मारामारी दहाव्या जागेवर असते. त्या एका जागेसाठी एवढी गाणी ताटकळत उभी, आणि त्यातल्या निम्म्यांना नाही म्हणणं म्हणजे मामा-मावशीला दारातनं परत पाठवण्यासारखं. म्हणून माझ्या यादीत नऊच गाणी आहेत, आणि दहाव्या ओळीवर पेन्सिलीनं लिहून खोडल्याचे डाग.

हा उद्योग आमच्या कट्ट्यावरचा. बेळगावच्या टिळकवाडीत संध्याकाळी चहाला जमणारे आम्ही सगळे साठीच्या अलीकडे-पलीकडे. एकजण बँकेतून रिटायर झालेला, एकाची उद्यमबागेत फौंड्री होती ती आता मुलगा बघतो, एकाचं खडेबाजारात कापडाचं दुकान. सीमाप्रश्न, महापालिका आणि गुडघे हे विषय संपले की कुणीतरी म्हणतं, "चला, दहा गाणी सांगा बघू. कारण सांगायचं नाही, नुसती गाणी." ही बंदी पाच मिनिटंही टिकत नाही. दुकानवाला तलत महमूदचं नाव घेतो आणि पुढच्याच वाक्यात गोव्याला जाणाऱ्या ट्रकच्या केबिनमध्ये बसलेला असतो. गाणं राहतं बाजूला. खानापूरच्या पुढचा घाट, ड्रायव्हरनं दिलेली विडी आणि त्या वर्षीचा पाऊस, एवढंच ऐकून आम्ही घरी जातो. माझं मत असं झालंय की यादीतली जागा गाण्याच्या गुणांवर फारशी ठरत नाही, ते आपल्यापर्यंत कसं पोचलं त्यावर ठरते. बँकवाल्याला हे अजिबात पटत नाही. त्याला गुणांची बेरीज लागते.

गाण्यांना नंबर द्यायची खोड आमच्या पिढीला लावली ती अमीन सयानींनी. बिनाका गीतमाला रेडिओ सिलोनवर सुरू झाली ३ डिसेंबर १९५२ ला. सुरुवातीला सात गाणी वाजायची, त्यांना क्रम नव्हता. पायदानं, म्हणजे गाण्यांचे नंबर, नंतर आली. या सगळ्याच्या मागेही एक मराठी माणूस आहे, हे आम्ही अभिमानानं सांगावं की लाजून, ते अजून ठरलेलं नाही. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणीमंत्री झाले आणि सिनेमाच्या गाण्यांना आकाशवाणीचं दार बंद झालं. मंत्र्यांच्या मनात होतं की देशानं शास्त्रीय संगीत ऐकावं. देशानं रेडिओचा काटा फिरवला आणि सिलोन लावलं. १९५७ मध्ये विविध भारती सुरू करावी लागली, तोवर गीतमालेची बुधवारची रात्र हातची गेली होती. सयानींच्या पायदानाला निदान हिशेब होता: दुकानांतला रेकॉर्डचा खप आणि श्रोता संघांची पसंती. माझ्या यादीला कसला आलाय हिशेब?

मी ऐकायला लागलो तेव्हा घरच्या रेडिओवर मीडियम वेव्हला धारवाड आणि सांगली, आणि शॉर्टवेव्हला सिलोन. शॉर्टवेव्हचा आवाज एकसारखा कधीच यायचा नाही. फुगायचा, बारीक व्हायचा, मध्येच समुद्रात बुडी मारून यायचा. तलतचं 'जलते हैं जिसके लिए' मी कितीतरी वर्षं असंच ऐकलं. ते गाणं पडद्यावर सुनील दत्त टेलिफोनवरून नूतनला ऐकवतो. म्हणजे गाणं आधीच तारेतून आलेलं, वर तलतचा तो कापरा गळा, आणि त्यावर सिलोनची लाट. थरथर नेमकी कुणाची, गळ्याची की हवेची, हे कळायला मार्ग नव्हता. पुढे सीडीवर ते स्वच्छ ऐकलं. सुंदरच आहे, पण दुसऱ्या अंतऱ्याला आवाज बुडत नाही म्हटल्यावर मी उगाच कान टवकारून बसलो. यादीत हे गाणं पाचवं आहे, आणि पाचव्यावर आहे ते सिलोनवालं, सीडीवालं नव्हे. बँकवाला म्हणतो, असं चालत नाही. चालतंय की! यादी माझी आहे.

सकाळी आठच्या आत सिलोनवर सैगलचं गाणं लागायचं, जुन्या गाण्यांच्या कार्यक्रमाचं शेवटचं. आमच्या घरी घड्याळ त्यावर होतं. वडिलांची आंघोळ सैगलच्या आधी उरकली नाही तर त्या दिवशी ऑफिसला उशीर ठरलेला. पण सैगल माझ्या यादीत नाही. तो वडिलांच्या यादीत होता, त्यात आपण कशाला शिरा.

आता परीक्षा. गाणं खरोखर आवडतं की नुसतं आवडतं म्हणायची सवय आहे, हे ओळखायची माझी पद्धत रेल्वे गेटची. टिळकवाडीत राहिलेल्या माणसाचं अर्धं आयुष्य पहिल्या, दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या गेटला थांबण्यात गेलेलं असतं. गेट पडलेलं, स्कूटर बंद केलेली, शेजारच्या पानपट्टीवर रेडिओ. मिरजेकडची गाडी गेली, गेट वर झालं, सगळ्यांनी किका मारल्या. तेव्हा जे गाणं अर्ध्यावर सोडून जाता आलं ते यादीत येत नाही. ज्याच्यासाठी मागच्या ट्रकचे हॉर्न आणि रिक्षावाल्याच्या कन्नड शिव्या खाऊन उभं राहिलो, ते येतं. 'या चिमण्यांनो परत फिरा रे' चौथ्या जागेवर आहे ते असं. गदिमांचे शब्द, खळ्यांची चाल, लताबाई, हे सगळं आहेच. पण कॉलेजातनं घरी न जाता भटकणारं पोरगं दिवेलागणीला गेटवर अडकावं आणि नेमकं तेच लागावं!

मग आला कॅसेटचा काळ. रेकॉर्डिंग सेंटरमध्ये कोरी कॅसेट आणि गाण्यांची चिठ्ठी द्यायची, चार दिवसांनी न्यायला जायचं. साठ मिनिटांची कॅसेट म्हणजे एका बाजूला तीस मिनिटं, त्यात साडेतीन-चार मिनिटांची सात-आठ गाणी. चिठ्ठी लिहिताना क्रम लावायचा तो तेव्हा नीट शिकलो, कारण शेवटचं गाणं बहुतेक वेळा मध्येच तुटायचं. टेप संपली की खटकन बंद. त्यामुळे ज्याच्यावर फार जीव नाही ते शेवटी टाकायचं. दुकानदार पक्का रसिक होता. त्याला चिठ्ठीतलं एखादं गाणं पटलं नाही तर तो त्या जागी आपल्या आवडीचं भरून मोकळा. विचारलं तर म्हणायचा, "ते चांगलं नाही हो, हे ऐकून बघा." त्यानं घुसडलेली दोन गाणी आज माझ्या पहिल्या नऊत आहेत, आणि कुठली दोन ते मी कट्ट्यावर सांगितलेलं नाही. त्या कॅसेटी मात्र बेळगावच्या पावसानं खाल्ल्या. चार महिने भिंती ओल्या, कपाटातल्या चपलांना बुरशी, तशीच टेपलाही पांढरी बुरशी. लावली की हेड भरायचं आणि गायिका पाण्याखालनं गायला लागायची. मग कापसाला स्पिरिट लावून हेड पुसत बसायचं.

पहिला नंबर सांगतो. 'ऋणानुबंधाच्या जिथुन पडल्या गाठी'. नाटक 'देव दीनाघरी धावला', लेखक बाळ कोल्हटकर, संगीत वसंत देसाई, आणि गाणारे कुमार गंधर्व आणि वाणी जयराम. कट्ट्यावर यावर आरडाओरडा होतो. "कुमारांचं एवढं गाणं पडलंय, निर्गुणी भजनं आहेत, आणि तुला नाटकातलं सापडलं?" भजनं थोर आहेत, कोण नाही म्हणतंय. पण कुमार आमचे गाववाले. मिरजेच्या गाडीत बसलात तर सुळेभावी लागतं, तिथला त्यांचा १९२४ चा जन्म. घरचं नाव शिवपुत्र कोमकळीमठ. कन्नड घरातला हा मुलगा आणि वेल्लोरच्या तमिळ घरातल्या वाणीबाई मिळून मराठी नाटकातलं पद गातात, आणि त्यात उपरं असं कुणीच वाटत नाही. कुमारांचा आवाज एकदम झेप घेतो आणि वाणीबाईंचा कसा, पाटीवर रेघ ओढावी तसा सरळ जातो.

हे सगळं मला नंतर कळलं. गाणं पोचलं ते ताईच्या लग्नात, निपाणीला. मांडवाबाहेरच्या चिंचेवर कर्णा बांधलेला आणि लाऊडस्पीकरवाल्याकडे मोजून सात-आठ रेकॉर्डी, त्यातल्या निम्म्या चरे पडलेल्या. सुई उड्या मारू नये म्हणून त्यानं दांडीवर चार आण्याचं नाणं चिकटपट्टीनं बसवलं होतं. या एकाच रेकॉर्डीवर चरा नव्हता, म्हणून हळदीपासून पाठवणीपर्यंत तीच. पंगतीत वाढपी जिलबी घेऊन त्या ठेक्यावर चालत होते. पाठवणीच्या वेळी आई रडत होती, ताई रडत होती आणि मी नाण्याकडे बघत होतो, की गाणं संपल्यावर हे नाणं तो देईल का. आता सांगा, गुणांची बेरीज कशी करायची?

दुसरा नंबर 'कानडा राजा पंढरीचा'. गाणारे बाबूजी, म्हणजे सुधीर फडके, कोल्हापूरचे, भीमसेन जोशी गदगकडचे, आणि आम्ही बरोबर मध्ये. इथवर कुणाचीच हरकत नसते. वाद सुरू होतो तो सहाव्या नंबराला, कारण तिथं भीमसेनांचंच 'भाग्यदा लक्ष्मी बारम्मा' आहे, पुरंदरदासांचं. फौंड्रीवाल्याचं म्हणणं, कन्नड गाण्यांची यादी वेगळी कर. वेगळी का? धारवाड आणि सांगली रेडिओवर एका बोटाच्या अंतरावर होती. आमच्या बायकोचं माहेर हुबळीचं. दर शुक्रवारी घरात हे गाणं लागतं आणि तिच्या मागोमाग माझी आईही कन्नड न कळता ते म्हणायची, उच्चारांची पार वाट लावून. "अहो, यादी काढा नाहीतर फाडा," असं बायको म्हणते, "पण ते गाणं खाली आलेलं मला चालायचं नाही."

आणि एक नोव्हेंबरची गोष्ट सांगितली पाहिजे. त्या दिवशी तिकडे चन्नम्मा सर्कलला कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक, इकडे आमचा काळा दिन आणि निषेध फेरी. हे १९५६ पासूनचं, बेळगाव महाराष्ट्राऐवजी तिकडे गेलं तेव्हापासूनचं. मिरवणुकीत डॉ. राजकुमारांचं 'हुट्टिदरे कन्नड नाडल्लि हुट्टबेकु' हमखास वाजतं. हंसलेखांनी शब्दही लिहिले आणि चालही त्यांचीच, १९९३ चं. गाण्याचा सगळा अर्थच असा की जन्मावं तर कन्नड भूमीत. अर्थाशी आमचं भांडण आहे, कोर्टापर्यंत गेलेलं आहे. पण चाल अशी काही बांधलीय त्या माणसानं! एका वर्षी फेरीहून परतताना दंडावर काळी फीत आणि तोंडात तीच शीळ, असा आमच्यातलाच एक सापडला. कोण ते विचारू नका, तो महाराष्ट्र एकीकरण समितीचा जुना कार्यकर्ता आहे. आम्ही त्याला त्या दिवशीचा चहा भरायला लावला.

तिसरी जागा मी भाड्यानं देतो. जून ते सप्टेंबर तिथं 'नभ उतरू आलं', कारण या गावात त्या चार महिन्यांत दुसरं काही ऐकणं म्हणजे महानोरांशी बेइमानी. थंडीत 'शुक्रतारा'. उन्हाळ्यात ती रिकामी असते, कारण उन्हाळ्यात लग्नं असतात आणि लग्नांत डीजे. डीजेवरनं आठवलं, आठवं गाणं 'सैराट'मधलं 'याड लागलं'. साठीच्या माणसानं यादीत हे ठेवावं का, यावर मुलगी पुण्याहून फोनवर हसली. मी तिला सांगितलं, 'सैराट' कन्नडमध्ये झाला तेव्हा चाली त्याच ठेवल्या होत्या. आमच्याकडे वरातीत कुठल्या भाषेतलं वाजतंय ते शब्द येईपर्यंत कळत नाही, आणि शब्द येईपर्यंत पोरं नाचून मोकळी झालेली असतात. ती म्हणाली, "बाबा, प्लेलिस्ट करा, हवी तेवढी गाणी टाका, नंबर कशाला?" नंबर नसेल तर भांडायचं कशावर, हे त्या पिढीला समजत नाही.

'लग जा गले' सगळ्यांच्या यादीत असतं, म्हणून माझ्या यादीत नाही. एवढंच कारण, आणि ते पुरेसं आहे.

तर उरली दहावी जागा. गेल्या आठवड्यात निपाणीचे दाजी आले होते. म्हणजे ज्यांच्या लग्नात ते नाणं होतं तेच. यादी त्यांनी चष्मा कपाळावर चढवून वाचली आणि वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं.

"पाव्हणं, गीतरामायण कुठाय?"

"दाजी, छप्पन्न गाणी आहेत ती. १९५५ च्या रामनवमीला पुणे केंद्रावर सुरू झालं ते वर्षभर चाललं. त्यातलं कुठलं घालू?"

"छप्पन्नच्या छप्पन्न घाला की. हे बघा, दहावी जागा मोकळीच आहे."

"एका जागेवर छप्पन्न?"

"त्यात काय झालं? आमच्या लग्नाला एका खोलीत तुमच्याकडची एवढी माणसं झोपलीच होती की!"